घरातील पाण्याची यंत्रे आणि त्यांचे दूरनिदान

महाराष्ट्रातील शहरी घरात नळातून येणारे पाणी त्याआधी अनेक यंत्रांतून गेलेले असते. महापालिकेच्या वाहिनीतून ते मीटरमार्गे इमारतीच्या जमिनीखालील टाकीत उतरते, तेथून पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो आणि स्वयंपाकघरात पोहोचल्यावर त्यातील पिण्यापुरते पाणी शुद्धीकरण यंत्रातून जाते. या मार्गावर कोठेही बिघाड झाला, तरी त्याचा परिणाम बहुधा दुसऱ्याच ठिकाणी जाणवतो. पंपाच्या शोषणनळीच्या टोकाशी असलेला फूट वॉल्व्ह गळू लागला, तर तक्रार चौथ्या मजल्यावरील कोरड्या नळाची येते. उन्हाळ्यात टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी टाकीत मिसळले, तर बदललेल्या चवीचा दोष शुद्धीकरण यंत्राच्या माथी मारला जातो. लक्षण एकीकडे आणि कारण दुसरीकडे अशी ही स्थिती असल्यामुळे पाण्याच्या यंत्रांच्या दुरुस्तीत बराचसा वेळ कारण शोधण्यात जातो, आणि ते नीट सापडले नाही तर सुस्थितीतील सुटे भाग विनाकारण बदलले जातात.

यंत्रापाशी प्रत्यक्ष न जाता, त्यात बसवलेल्या संवेदकांनी पाठवलेल्या मोजमापांवरून बिघाडाचे कारण ओळखण्याच्या पद्धतीला दूरनिदान म्हणतात. संवेदक म्हणजे दाब, प्रवाह, तापमान यांसारख्या भौतिक राशीचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा घटक. येथे तीन क्रिया परस्परांपासून वेगळ्या ओळखणे आवश्यक आहे. टाकीतील पातळी मोबाइलवर दिसणे हे केवळ दूरवाचन होय. ती पातळी पंप चालू असूनही का वाढत नाही हे सांगणे म्हणजे दूरनिदान. आणि ते कळल्यावर पंप लांबूनच बंद करणे म्हणजे दूरनियंत्रण. यांपैकी पहिली आणि तिसरी क्रिया आज स्वस्त आणि सोपी झाली आहे. दुसरी मात्र मूलतः अनुमानाची क्रिया आहे, आणि तिचा भरवसा संवेदक नेमके काय मोजतो व काय मोजू शकत नाही, याच्या जाणिवेवर अवलंबून असतो.

पूर्वपीठिका

यंत्राने स्वतःचा बिघाड सांगावा ही कल्पना घरगुती उपकरणांत बरीच उशिरा आली. अमेरिकेत १९९६पासून नव्या मोटारगाड्यांत ठरावीक नमुन्याचे बिघाड-संकेत देणारी प्रणाली सक्तीची झाली आणि कोणत्याही दुरुस्तीकाराला एकच जोडणी वापरून गाडीतील दोषाचा क्रमांक वाचता येऊ लागला. त्यानंतर तीन वर्षांनी, १९९९ मध्ये, आयबीएममधील अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क यांनी आर्लेन निपर यांच्यासह दुर्गम भागातील तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी एमक्यूटीटी नावाचा संदेशवहनाचा संकेत तयार केला. उपग्रहाचा प्रत्येक संदेश महाग पडत असल्यामुळे हा संकेत अगदी थोडक्या अक्षरांत काम भागवतो, आणि याच काटकसरीमुळे पुढे तो घरातील लहान उपकरणांनाही सोयीचा ठरला. वायफाय असलेली अतिशय स्वस्त सूक्ष्मनियंत्रक चिप २०१४च्या सुमारास बाजारात आल्यावर पंप, टाकी आणि शुद्धीकरण यंत्र यांना इंटरनेटशी जोडण्याचा खर्च सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आला.

महाराष्ट्रात या विचाराचा पाया शेतात घातला गेला. पुण्यातील अभियंते संतोष ओस्तवाल यांनी विकसित केलेल्या ‘नॅनो गणेश’ या यंत्रणेने शेतातील पंप मोबाइल फोनशी जोडला. त्यामुळे रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेसाठी विहिरीपर्यंत चालत जाण्याऐवजी वीज आली आहे का हे घरूनच जाणून पंप चालू किंवा बंद करणे शेतकऱ्याला शक्य झाले. शहरातील गृहनिर्माण संस्थांच्या पंपांवर आज बसवली जाणारी जोडलेली नियंत्रके याच गरजेचे नागरी रूप आहेत.

संवेदक प्रत्यक्षात काय मोजतात

घरगुती जलयंत्रांत सर्वाधिक वापरला जाणारा संवेदक म्हणजे टीडीएस मापक. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण घन पदार्थांचे प्रमाण; ते मिलिग्रॅम प्रति लिटर या एककात सांगतात आणि बोलीत त्यालाच ‘पीपीएम’ म्हणतात. तथापि हे मापक घन पदार्थ मोजत नाही. पाण्यात बुडवलेल्या दोन धातूच्या टोकांमधून ते वीज पाठवते, क्षारांच्या आयनांमुळे पाणी ती किती सहजपणे वाहू देते ते पाहते, आणि त्या वाहकतेला साधारण ०.५ ते ०.७ यांदरम्यानच्या एका ठरीव गुणकाने गुणून टीडीएसचा अंदाज देते. पाण्याचे तापमान एका अंश सेल्सिअसने वाढले की वाहकता सुमारे २ टक्क्यांनी वाढते. म्हणून तापमानाची दुरुस्ती न करणारे मापक डिसेंबरच्या पहाटेचे आणि मे महिन्याच्या दुपारचे तेच पाणी वेगवेगळे असल्याचे सांगेल. अशा मापकावर आधारलेले निदान ऋतुबदलालाच बिघाड समजण्याची शक्यता असते.

प्रवाह मोजण्यासाठी नळीत एक छोटे चाक बसवतात. त्यावरील चुंबक संवेदकासमोरून गेला की एक विद्युत्स्पंद निर्माण होतो. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर ही रचना आधारलेली आहे. अर्ध्या इंची नळीसाठी सर्रास मिळणाऱ्या एका प्रकारात लिटरमागे सुमारे ४५० स्पंद येतात, पण मिनिटाला सुमारे एक लिटरपेक्षा कमी प्रवाह असेल तर ते चाक भरवशाने फिरत नाही. सेकंदाला एक थेंब या गतीने ठिबकणारा नळ दिवसाला २० ते ३० लिटर पाणी वाया घालवतो, म्हणजे तासाला जेमतेम एक लिटर. उलट या चाकाची किमान मर्यादा तासाला सुमारे ६० लिटर आहे. याचा अर्थ असा की, ‘गळती नाही’ असे सांगणाऱ्या अशा यंत्रणेला ठिबकणारा नळ दिसण्याची सोयच नसते.

टाकीची पातळी बहुधा ध्वनिलहरींनी मोजतात. झाकणाखालील संवेदक माणसाला ऐकू न येणारा ध्वनी सोडतो आणि पाण्यावरून परतणाऱ्या प्रतिध्वनीला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. २० अंश तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो आणि दर अंशामागे तो साधारण ०.६ मीटरने वाढतो. त्यामुळे उन्हाने तापलेल्या टाकीत हवा ४० अंशांवर गेली की दुरुस्ती न केलेल्या मापनात मीटरमागे तीन-साडेतीन सेंटिमीटरची चूक येते. झाकणाच्या आतल्या बाजूला बाष्प साचून संवेदकावर थेंब धरले, तर प्रतिध्वनी पाण्याऐवजी त्या थेंबांवरूनच येतो आणि रिकामी टाकी भरलेली दिसते.

पंपाच्या बाबतीत सर्वांत उपयोगी माहिती त्याच्या विजेच्या तारेतून मिळते. मोटर किती अँपिअर प्रवाह घेते ते तारेभोवती बसवलेल्या कड्यासारख्या संवेदकाने मोजता येते. त्यासाठी पाण्याला कोठे स्पर्श करावा लागत नाही, त्यामुळे हा संवेदक गंजत नाही आणि त्यावर क्षारही बसत नाहीत. मोटरवर पडणाऱ्या भाराबरोबर हा प्रवाह बदलत असल्यामुळे पंपाच्या आत काय चालले आहे याची बरीच कल्पना या एका आकड्यावरून येते.

शुद्धीकरण यंत्राचे निदान

घरोघरी ‘आरओ’ या नावाने ओळखले जाणारे यंत्र व्यस्त परासरणाच्या तत्त्वावर चालते. पाणी जाऊ देणाऱ्या पण बहुतेक क्षार अडवणाऱ्या पातळ पटलावर दाब दिला, की एका बाजूला कमी क्षारांचे पाणी मिळते आणि अडवलेले क्षार उरलेल्या पाण्याबरोबर बाहेर टाकले जातात. हे पटल व्यवहारात आणण्याचे श्रेय कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत १९६०च्या सुमारास काम करणारे सिडनी लोब आणि भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ श्रीनिवास सौरिराजन यांच्याकडे जाते. आजच्या घरगुती यंत्रांत त्यानंतर जॉन कॅडॉट यांनी १९७०च्या दशकात विकसित केलेल्या पॉलिअमाइड पटलाचे वंशज वापरले जातात. दुरुस्तीकार या पटलाला मेम्ब्रेन म्हणतात. त्याच्या आधी गाळ अडवणारा सेडिमेंट फिल्टर, क्लोरीन शोषणारा कार्बन फिल्टर आणि दाब वाढवणारा लहान पंप असतो. पाणी सोडणारी व थांबवणारी विजेवर चालणारी झडप ‘एसव्ही’ या नावाने, तर टाकाऊ पाण्याचा मार्ग आवळून दाब टिकवणारी बारीक नळी ‘एफआर’ या नावाने ओळखली जाते.

या यंत्राच्या निदानात सर्वांत सामान्य चूक म्हणजे केवळ बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस पाहणे. समजा, एखाद्या यंत्रातून बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस महिन्याभरात २२वरून ९५वर गेला. हा एकच आकडा पाहिला तर मेम्ब्रेन निकामी झाल्याचा निष्कर्ष निघतो. पण त्याच काळात आत येणाऱ्या पाण्याचा टीडीएस १८०वरून ७८०वर गेला असेल, तर दोन्ही वेळा मेम्ब्रेनने सुमारे ८८ टक्के क्षार अडवलेले आहेत. म्हणजे मेम्ब्रेन जसे होते तसेच आहे आणि बदलले आहे ते इमारतीच्या टाकीतील पाणी. याउलट, आत येणारे पाणी १८०वरच स्थिर असताना बाहेरचा आकडा १८वरून ४५वर गेला, तर अडवणुकीचे प्रमाण ९०वरून ७५ टक्क्यांवर घसरलेले असते आणि तेथे मेम्ब्रेन खरोखरच खराब झालेले असते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, पहिल्या उदाहरणात ग्राहकाला दिसणारा आकडा दुसऱ्यातील आकड्याच्या दुपटीहून मोठा आहे, तरीही सुटा भाग बदलण्याची गरज दुसऱ्यातच आहे. दोन्ही बाजूंना संवेदक असल्याखेरीज हा भेद करता येत नाही, आणि स्वस्त यंत्रांत पैसे वाचवण्यासाठी नेमका आत येणाऱ्या बाजूचा संवेदक वगळला जातो.

मोजमाप कधी घेतले यालाही तितकेच महत्त्व आहे. यंत्र रात्रभर बंद राहिले की मेम्ब्रेनच्या दोन्ही बाजूंचे क्षार हळूहळू समतोलाकडे सरकतात आणि सकाळी पहिली काही मिनिटे बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस चढा दिसतो. पंप चालू राहिला की तो आपोआप खाली येतो. म्हणून निदानासाठी वाचन पंप सुरू होऊन प्रवाह स्थिरावल्यावरच घ्यावे लागते. अनेक यंत्रांत चवीसाठी थोडे मूळ पाणी शुद्ध पाण्यात मिसळण्याचा छोटा स्क्रू असतो. संवेदक त्या मिश्रणानंतर बसवलेला असेल, तर कोणी तो स्क्रू फिरवल्याची नोंदही मेम्ब्रेन बिघडल्यासारखीच दिसते.

पाणी कमी येण्याच्या तक्रारीत अनेक संवेदकांची साक्ष एकत्र वाचावी लागते. पाण्याचे तापमान एका अंशाने उतरले की मेम्ब्रेनमधून जाणारे पाणी सुमारे ३ टक्क्यांनी घटते; त्यामुळे पाणी ३० अंशांवरून २० अंशांवर आले, तर कोणताही बिघाड नसताना उत्पादन जवळपास पाव भागाने कमी होते. तापमानाचा हा परिणाम वजा केल्यावरही घट उरली, तर पंपाचा विद्युत्प्रवाह पाहावा लागतो. तो नेहमीपेक्षा कमी असेल, तर पंपाला मागूनच पाणी मिळत नाही, म्हणजे सेडिमेंट फिल्टर गाळाने भरला आहे किंवा मागचा नळ अर्धवट बंद आहे. पावसाळ्यात गढूळ पाणी येऊ लागल्यावर हेच कारण अधिक आढळते. विद्युत्प्रवाह नेहमीपेक्षा जास्त असेल, तर अडथळा पंपाच्या पुढे आहे. त्यातही टाकाऊ पाणी आटले असेल तर एफआर तुंबलेला असण्याची शक्यता अधिक, आणि टाकाऊ पाणी नेहमीसारखे किंवा किंचित जास्त असून शुद्ध पाणी तेवढे घटले असेल तर मेम्ब्रेनवर क्षारांचा थर बसलेला असण्याची. तक्रार एकच असली तरी फिल्टर, एफआर आणि मेम्ब्रेन या तिन्हींच्या किमतींत बराच फरक असल्याने हा भेद ग्राहकाच्या खिशाशी थेट निगडित आहे.

एक बिघाड मात्र असा आहे की तो दूरनिदानाखेरीज महिनोन्‌महिने कोणाच्याही ध्यानात येत नाही. यंत्राची टाकी भरल्यावर एसव्हीने पाणी थांबवणे अपेक्षित असते. तिच्यात कचरा अडकून ती पूर्ण मिटली नाही, तर पंप बंद असतानाही वाहिनीच्या दाबाने पाणी मेम्ब्रेनवरून थेट सांडपाण्यात वाहत राहते. शुद्ध पाणी व्यवस्थित मिळत असल्यामुळे कोणाची तक्रार येत नाही. पंपाचा विद्युत्प्रवाह शून्य असताना प्रवाहमापकाचे स्पंद चालू आहेत, ही एकच विसंगती हा दोष निर्विवादपणे उघड करते.

पंप आणि टाकी

इमारतीच्या पंपाचे निदान विद्युत्प्रवाह आणि टाकीची पातळी या दोन नोंदी एकमेकींसमोर ठेवून केले जाते. पंप चालू आहे, पातळी वाढत नाही आणि मोटरचा प्रवाह नेहमीपेक्षा बराच कमी आहे, अशी स्थिती असेल तर पंप पाणी पुढे ढकलत नाही. खालची टाकी रिकामी आहे, फूट वॉल्व्ह गळून शोषणनळीत हवा शिरली आहे किंवा पुढची झडप बंद राहिली आहे, यांपैकी कोणते कारण खरे हे खालच्या टाकीच्या पातळीवरून बरेचसे ठरवता येते. येथे एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते : पंख्यासारख्या चाकाने पाणी फेकणाऱ्या पंपाची पुढची झडप बंद केली तर त्याच्यावरील भार वाढण्याऐवजी कमी होतो, कारण पाणी पुढे सरकत नसल्यामुळे ते वर उचलण्याचे कामच उरत नाही. पातळी वाढत नसताना विद्युत्प्रवाह मात्र नेहमीइतका किंवा जास्त असेल, तर पंप पाणी ढकलत आहे आणि ते वाटेतच कोठे तरी फुटलेल्या नळीतून जात आहे, असा तर्क करावा लागतो. विद्युत्प्रवाह फार वाढून मोटर फिरतच नसेल, तर चाक अडकलेले असते किंवा मोटरला सुरुवातीचा रेटा देणारा कपॅसिटर गेलेला असतो.

पंप बंद असतानाची पातळीदेखील बोलकी असते. समजा, २० घरांच्या इमारतीवरील टाकीचा तळ ४ चौरस मीटर आहे. अशा टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे ४० लिटर पाणी गेले. पहाटे २ ते ५ या वेळात बहुतेक घरे झोपलेली असताना पातळी दररोज २ सेंटिमीटर उतरत असेल, तर तासाला सुमारे २७ लिटर पाणी कोठे तरी सतत जात आहे, आणि हे प्रमाण एखाद्या घरातील फ्लशची टाकी गळत असल्याचे सुचवते. रात्रीच्या किमान वापरावरून गळती ओळखण्याची हीच रीत मोठ्या प्रमाणावर शहरांच्या पाणीपुरवठ्यातही वापरली जाते. सातारा जिल्ह्यातील मलकापूरच्या चोवीस तास पाणीपुरवठा योजनेत आणि पुणे महापालिकेच्या समान पाणीपुरवठा योजनेत दूरवाचनाचे मीटर बसवण्यामागे बिलाबरोबरच गळतीचा हिशेब हाही हेतू आहे.

खोटे इशारे आणि यंत्राचे मौन

दूरनिदानाची विश्वासार्हता ठरवताना बिघाड मुळात किती विरळ असतो, याचा विचार अपरिहार्य ठरतो. उदाहरणादाखल असे मानू की १,००० यंत्रांपैकी एखाद्या महिन्यात १० यंत्रांत खरोखर बिघाड होतो आणि निदानप्रणाली खऱ्या बिघाडांपैकी ९० टक्के पकडते, तर सुस्थितीतील यंत्रांपैकी ५ टक्के यंत्रांबाबत चुकून इशारा देते. अशा प्रणालीकडून ९ खरे आणि सुमारे ५० खोटे इशारे येतील; म्हणजे इशारा आलेल्या सहा-सात घरांपैकी एकाच घरात दुरुस्तीची गरज असेल. ९० टक्के अचूकतेचा दावा खोटा नसतानाही त्यावर विसंबून प्रत्येक इशाऱ्यामागे सुटा भाग बदलणारा ग्राहक बहुतेक वेळा नाहक खर्च करील. म्हणूनच चांगली प्रणाली एका वाचनावर इशारा देत नाही; तेच लक्षण ओळीने काही वेळा दिसावे आणि दुसऱ्या संवेदकाने त्याला दुजोरा द्यावा, अशी अट ती घालते.

याहून अवघड प्रश्न यंत्राच्या मौनाचा आहे. एमक्यूटीटी संकेतात त्यासाठी ‘अंतिम इच्छापत्र’ नावाची सोय आहे : उपकरण जोडले जातानाच एक संदेश मध्यवर्ती सेवकाकडे (सर्व्हरकडे) ठेवून देते आणि ते निरोप न घेता नाहीसे झाले तर सेवक तो संदेश सर्व संबंधितांना पाठवतो. यामुळे उपकरण गप्प झाले एवढे कळते, कारण मात्र कळत नाही. वीज गेली असेल, राउटर बंद असेल किंवा उपकरणच जळले असेल. त्याच इमारतीतील इतर उपकरणेही त्याच क्षणी गप्प झाली असतील तर कारण बहुधा वीज किंवा इंटरनेट असते, आणि एकटेच गप्प झाले असेल तर ते उपकरण तपासावे लागते. यावरून रचनेचा एक पक्का नियम निघतो : पाण्याविना फिरणारा पंप बंद करणे, भरलेल्या टाकीचे पाणी थांबवणे असे संरक्षणाचे निर्णय उपकरणाने जागच्या जागी घेतले पाहिजेत. वीज आहे पण इंटरनेट नाही अशा वेळी दूरच्या आज्ञेची वाट पाहणारे नियंत्रक मोटर जाळून बसते.

सुस्थितीतील यंत्र आणि सुरक्षित पाणी

आतापर्यंतचे सर्व विवेचन यंत्राच्या स्थितीविषयी आहे, आणि यंत्र सुस्थितीत असणे म्हणजे पाणी सुरक्षित असणे नव्हे. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्यासंबंधीच्या आयएस १०५०० : २०१२ या मानकानुसार टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसल्यास ती २,००० मिलिग्रॅमपर्यंत चालते. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात पसरलेल्या खारपाणपट्ट्यात भूजलच खारट असल्यामुळे तेथे टीडीएस मापक अर्थपूर्ण माहिती देते. परंतु यवतमाळ किंवा चंद्रपूर जिल्ह्यातील फ्लोराइडयुक्त पाण्याबाबत तेच मापक आंधळे ठरते. फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आणि कमाल मर्यादा १.५ मिलिग्रॅम आहे. टीडीएस ४०० असलेल्या पाण्यात ३ मिलिग्रॅम फ्लोराइड असले तरी एकूण आकड्यात त्याचा वाटा एक टक्काही भरत नाही, आणि मापकाची स्वतःची चूक त्याहून मोठी असते. असे पाणी कमाल मर्यादेच्या दुप्पट फ्लोराइडचे असूनही मापकावर निर्दोष दिसते.

जंतूंच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जिवाणू मुळीच आढळता कामा नयेत, पण जिवाणूंमुळे पाण्याच्या वाहकतेत मोजण्याजोगा फरक पडत नाही. जंतुनाशासाठी यंत्रात सुमारे २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील दिवा असतो, आणि दिवा वीज घेत आहे एवढे पाहून यंत्रणा तो ठीक असल्याचे कळवते. प्रत्यक्षात अशा दिव्याचा निळसर उजेड टिकून असतानाच त्याचे अतिनील उत्सर्जन घटत जाते, म्हणून सुमारे ९,००० तासांच्या, म्हणजे साधारण वर्षभराच्या अखंड वापरानंतर तो बदलावा लागतो. शिवाय त्याभोवतीच्या क्वार्ट्झच्या नळीवर क्षारांचा थर बसला तर नव्या दिव्याचे किरणही पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाहीत. अतिनील किरण प्रत्यक्ष मोजणारा संवेदक नसेल, तर ‘दिवा चालू’ या संदेशाचा अर्थ तेवढाच घ्यायला हवा. हीच सावधगिरी ‘फिल्टर बदला’ या संदेशाबाबतही आवश्यक आहे, कारण बहुतेक यंत्रांत तो फिल्टर तपासून दिला जात नाही; ठरावीक दिवस किंवा ठरावीक लिटर भरले की तो उमटतो. तो अंदाज आहे, आणि अंदाज म्हणूनच तो सांगितला गेला पाहिजे.

म्हणून वर्षातून निदान दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेणे हे जोडलेल्या यंत्राच्या घरातही तितकेच गरजेचे राहते. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा हे काम करतात, आणि जिवाणूंचा संशय असल्यास दूषित पाण्याने काळी पडणारी हायड्रोजन सल्फाइड चाचणीची बाटली प्राथमिक पडताळणीसाठी उपयोगी पडते.

माहिती कोणाच्या हाती

घरगुती जलयंत्रांच्या दूरनिदानात एक हितसंबंध गुंतलेला आहे आणि त्याची उघड चर्चा होणे आवश्यक आहे. संवेदकांची नोंद बहुधा उत्पादकाच्या सेवकावर जाते, निदान उत्पादक करतो आणि निदानानंतर लागणारा सुटा भागही तोच विकतो. अशा वेळी ग्राहकाच्या पडद्यावर केवळ लाल दिवा आणि ‘सेवा मागवा’ हे शब्द येत असतील, तर त्याला ते निदान पडताळण्याचा कोणताही मार्ग राहत नाही. आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस, शुद्ध व टाकाऊ पाण्याचा प्रवाह, पंपाचा विद्युत्प्रवाह आणि प्रत्येक बिघाड-क्रमांकाचा अर्थ या गोष्टी तारखेनिशी ग्राहकाला दिसल्या, तर गल्लीतला अनुभवी दुरुस्तीकारही त्याच आकड्यांवरून स्वतंत्र मत देऊ शकतो. मोटारगाड्यांत १९९६पासून जे शक्य झाले, ते पाण्याच्या यंत्रात अशक्य असण्याचे तांत्रिक कारण नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केले. बिघाडाची माहिती वाचता येणे हा त्या हक्काचाच भाग मानला पाहिजे.

ही माहिती खुली झाली तर ती काही वेळा यंत्राच्याच विरोधात साक्ष देईल. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये दिलेल्या आदेशात टीडीएस ५००पेक्षा कमी असलेल्या ठिकाणी आरओ यंत्रांना मनाई करावी आणि जेथे ती वापरली जातील तेथे किमान ६० टक्के पाणी उपयोगात यावे, अशी दिशा दाखवली होती. शुद्ध पाण्याला एकूण पाण्याने भागले की हे प्रमाण मिळते, आणि दोन प्रवाहमापक असलेले यंत्र ते दररोज सांगू शकते. आत येणारे पाणी वर्षभर १५०-२०० टीडीएसचेच असल्याची नोंद ज्या घरात आहे आणि प्रयोगशाळेने त्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट यांसारखा दोष दाखवलेला नाही, त्या घराला मेम्ब्रेनची गरजच नाही आणि साधे गाळण व जंतुनाशन पुरेसे आहे, हेही एक निदानच आहे.

पाण्याच्या नोंदीतून घरातील माणसांची दिनचर्याही उघड होते. पहाटे पहिला नळ कधी उघडला, दुपारी घर रिकामे असते का, कुटुंब किती दिवसांसाठी गावी गेले, हे सारे प्रवाहमापकाच्या आकड्यांत वाचता येते. त्यामुळे या नोंदी वैयक्तिक माहिती समजूनच हाताळल्या गेल्या पाहिजेत आणि भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या मूळ भूमिकेशी, म्हणजे संमती आणि मर्यादित हेतू यांच्याशी, त्या बांधल्या गेल्या पाहिजेत. सुरक्षिततेच्या दृष्टीने युरोपातील ईटीएसआय संस्थेच्या २०२०च्या मानकाने घरगुती जोडलेल्या उपकरणांसाठी पहिली अट अशी घातली आहे की, सर्व उपकरणांना एकच ठरलेला पासवर्ड असता कामा नये. पंपाच्या बाबतीत त्यापुढे जाऊन नोंद वाचण्याचा अधिकार आणि पंप चालवण्याचा अधिकार वेगळे ठेवणे शहाणपणाचे आहे, कारण निदानासाठी सेवा केंद्राला पहिला पुरतो.

मर्यादित पैशांत सुरुवात करायची असेल, तर प्रत्येक स्वयंपाकघरातील यंत्र जोडण्याआधी गृहनिर्माण संस्थेने सामाईक पंपाचा विद्युत्प्रवाह, दोन्ही टाक्यांची पातळी आणि मुख्य मीटरचे वाचन या चार नोंदी ठेवाव्यात. त्यांचा खर्च सर्व घरांत वाटला जातो, पाण्याचा सर्वाधिक अपव्यय तेथेच सापडतो आणि टाकीत टँकरचे वेगळे पाणी केव्हा मिसळले याची तारीख त्यांच्याशी पडताळली तर वरच्या घरांतील शुद्धीकरण यंत्रांवर येणारे कित्येक आरोपही निकालात निघतात. दूरनिदानाचे खरे मोल मोबाइलवर येणाऱ्या इशाऱ्यांच्या संख्येत नसून टळलेल्या चुकीच्या दुरुस्त्यांत आणि वाचलेल्या पाण्यात आहे. आणि ते पदरात पडण्यासाठी संवेदकांची संख्या वाढवण्याइतकेच महत्त्वाचे काम म्हणजे त्यांचे आकडे वाचणारे जाणकार रहिवासी आणि दुरुस्तीकार तयार करणे हे होय.